वाटीभर डाळ, चार माणसे

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागच्या बाजूला आमची गल्ली आहे. गल्लीत वीस-बावीस घरे आहेत. त्यांतील निम्मी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकरांची, चार लिंगायतांची, दोन मुसलमानांची आणि उरलेली आमच्यासारख्या मराठी माणसांची. आमचे घर माळकरी आहे. पंढरपूरची वारी सासऱ्यांच्या आजोबांपासून चालत आलेली असून, गळ्यात तुळशीची माळ पडली की मांसमच्छी सुटली, हा नियम आमच्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी स्वतः एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी, म्हणजे १ ते ७ ऑक्टोबर २०२५ या दिवसांत, गल्लीत शाकाहार सप्ताह पाळावा असे माझ्या मनात आले, तेव्हा आपण इतरांना काहीतरी द्यायला निघालो आहोत अशीच माझी समजूत होती. त्या सात दिवसांत आणि त्याआधीच्या पंधरवड्यात जे घडले ते मी शक्य तितके जसेच्या तसे लिहीत आहे.

हा सप्ताह आपल्याकडे फारसा परिचित नाही. १ ऑक्टोबर हा जागतिक शाकाहार दिन १९७७ मध्ये उत्तर अमेरिकेतील शाकाहारी संस्थेने सुरू केला आणि पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शाकाहारी संघाने त्याला मान्यता दिली. त्या दिवसापासून पुढचे सात दिवस अनेक देशांत शाकाहार सप्ताह म्हणून पाळले जातात. इंग्लंडमधील व्हेजिटेरियन सोसायटी तर १८४७ पासूनची आहे. मला या सप्ताहाचे आकर्षण वाटण्याचे खरे कारण मात्र त्यात येणारी २ ऑक्टोबर ही तारीख होती. गांधीजी १८८८ मध्ये शिकण्यासाठी लंडनला गेले, तेव्हा ते शाकाहारी होते ते आईला दिलेल्या शब्दामुळे. तिथे बेचव उकडलेल्या भाज्यांवर दिवस काढत असताना त्यांना फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह सापडले, तिथेच त्यांनी हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील छोटे पुस्तक विकत घेतले आणि ते वाचल्यापासून आपण विचारपूर्वक शाकाहारी झालो, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. पुढे ते लंडनच्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीतही होते. जन्माने शाकाहारी असणे आणि विचाराने शाकाहारी होणे यांतला हा फरक मी वर्गात मुलांना दरवर्षी सांगते. तो मला स्वतःला लागू पडेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

सुरुवातच चुकली. सप्टेंबरच्या मध्यास मी एका पांढऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरांत सप्ताहाची सूचना लिहिली आणि मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लावली. वरच्या ओळीत शब्द होते, ‘आपले ताट हिंसामुक्त करूया’. संध्याकाळी समोरच्या अक्का दारात आल्या. अक्का दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, त्यांच्या बोटांना तंबाखूचा वास कायमचा चिकटलेला आहे, आणि आठवड्याची मजुरी हातात आली की रविवारी अर्धा किलो मटण आणायचे, हा त्यांच्या घरातील एकमेव सण म्हणावा असा दिवस. त्या शांतपणे म्हणाल्या, “बाई, ते वाचून दाखवलं पोरानं. म्हणजे आमचं ताट हिंसेचं म्हणायचं काय ओ?” मला उत्तर सुचले नाही. आपल्या समाजात कोण काय खातो यावरून माणसाची जात ओळखली जाते, घर भाड्याने द्यायचे की नाही तेही त्यावरच ठरवले जाते, आणि ज्याच्या ताटात मांस नाही तो आपोआप वरचा समजला जातो. मी लिहिलेल्या ओळीने नेमके तेच केले होते. मी त्याच वेळी जाऊन कागद काढला, अक्कांची क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवशी नवा कागद लावला. त्यावर इतकेच लिहिले होते की सात दिवस आपण शाकाहारी जेवण करून पाहू, ज्यांना यायचे त्यांनी यावे, आणि आजपासूनच घरात रोज काय शिजले ते एका वहीत लिहून ठेवावे.

वहीची कल्पना माझ्यातल्या शिक्षिकेची होती. सप्ताहात काय बदलले ते कळायचे असेल, तर आधी काय होते ते लिहिलेले असले पाहिजे. अकरा घरांनी नावे दिली, त्यांत अक्कांचेही घर होते. पहिल्या बैठकीला सगळ्या जणी आमच्या गच्चीवर वह्या घेऊन जमल्या आणि एकमेकींच्या वह्या वाचू लागल्या. अक्कांना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्या सुनेने माझी वही मोठ्याने वाचली. सकाळी चहा-पोहे, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी चहा आणि खारी, रात्री पोळी, कोबी, भात, वरण. दुसऱ्या दिवशी पोळी आणि दोडका, तिसऱ्या दिवशी पुन्हा बटाटा. अक्कांनी सगळे ऐकून घेतले आणि अगदी सहज विचारले, “मटण नाही ते बरोबर आहे बाई, पण ह्यात डाळ कुठाय?”

मी म्हणाले की रोज रात्री वरण असतेच. त्यावर लिंगायतांच्या आजींनी विचारले, “किती घालता?” मला सांगता येईना. वाटीभर, एवढेच सांगता आले.

त्या रात्री मी शाळेच्या प्रयोगशाळेतील नव्हे, तर घरातलाच, दिवाळीच्या फराळाचे माप घेण्यासाठी आणलेला छोटा काटा काढला. रोज ज्या स्टीलच्या वाटीने तुरीची डाळ घेते, तीच वाटी शीग काढून भरली आणि काट्यावर रिकामी केली. काटा १०० ग्रॅमच्या जरा पुढे थांबला. आम्ही घरात चार माणसे आहोत, म्हणजे माणशी २५ ग्रॅम डाळ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतील २,००० किलोकॅलरीच्या आदर्श ताटात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये धरली आहेत, ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिलिलिटर दूध किंवा दही आणि ३५ ग्रॅम शेंगदाण्यांसारखा सुका मेवा धरला आहे. धान्य मात्र २५० ग्रॅमच आहे. आमच्या घरात नेमके उलटे होते. पोळी, भात आणि पोहे यांनी पोट भरत होते आणि डाळ केवळ भात ओला करण्यापुरती उरली होती. मी वजनाप्रमाणे हिशेब केला. प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. माझे वजन ५८ किलो, म्हणजे मला साधारण ४८ ग्रॅम हवीत. वहीतल्या साध्या दिवसाची बेरीज ३३-३४ ग्रॅमच्या वर जाईना. हाच धडा मी दरवर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर तक्ता काढून शिकवते.

त्यातच नवरात्र सुरू झाले. त्या वर्षी २२ सप्टेंबरला घटस्थापना होती आणि माझे नऊ दिवसांचे उपवास असतात. उपवासाच्या दिवसाची नोंद करताना तर मला अस्वस्थ व्हायला झाले. साबुदाण्यात प्रथिने जवळजवळ नसतातच, तो निव्वळ पिष्ट आहे. खिचडीतले शेंगदाण्याचे कूट, कपभर दूध आणि थोडी भगर यांच्यामुळे बेरीज जेमतेम २० पर्यंत पोहोचली. शाळेचे दोन जिने चढताना मला कित्येक महिन्यांपासून धाप लागत होती, दुपारच्या तासांना उभे राहवत नव्हते, आणि चाळिशी उलटल्यावर हे चालायचेच, असे मी धरून चालले होते. नवरात्रातच मी रक्त तपासून घेतले. हिमोग्लोबिन ९.६ आले, जे स्त्रीला किमान १२ हवे, आणि ब-१२ जीवनसत्त्वही कमी निघाले. देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नोंदलेले आहे. त्यात शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही घरांतल्या बायका आहेत. तरीही शाकाहाराचा प्रचार करायला निघालेल्या माझ्या हातात तो कागद होता, याचे मला फार वाईट वाटले. सप्ताह रद्द करावा, असे एक दिवस मनात येऊन गेले. मग तो कागद मी पुढच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवला, आणि सप्ताहाचा विषय त्या दिवशी बदलला. मांस सोडायचे की नाही हा प्रश्न बाजूला राहिला. मांस नसलेले ताट पुरे पडेल असे कसे वाढायचे, याचाच विचार त्यानंतर सुरू झाला.

भाज्यांच्या भरवशावर राहणे त्या वर्षी शक्यही नव्हते. सप्टेंबरच्या अखेरीस सीना नदीला महापूर आला, माढा, मोहोळ, दक्षिण सोलापूर या भागांतील उभी पिके पाण्याखाली गेली, आणि लक्ष्मी मंडईत पालेभाजीच्या जुडीला हात लावण्याआधी भाव विचारावा लागत होता. घरे वाहून गेलेल्या लोकांच्या बातम्या रोज येत असताना आपण जेवणाचा सप्ताह करावा का, यावरही बोलणे झाले. जाहीर असे काही करायचे नाही, मंडप-माईक नको, आपापल्या चुलीपुरते करायचे, असे ठरले. म्हणून आम्ही वाण्याकडे वळलो. मटकी, हुलगे, हरभरे, मसूर, चवळी आणि तूर हे सगळे कोरडे धान्य होते आणि अकरा घरांनी मिळून पोत्यातून घेतल्याने स्वस्तही पडले.

इथून पुढे शिकवायचे काम माझ्याकडे राहिलेच नाही. आजींनी हुलग्याचे शेंगोळे आणि माडगे करून दाखवले. आमच्याकडे हुलगे म्हणजे बैलाचे खाद्य, असा समज होता आणि सासूबाई गेल्यापासून ते घरात आलेच नव्हते. पलीकडच्या चाचींनी मटणाशिवायचा दालचा केला. हरभऱ्याची आणि तुरीची डाळ एकत्र शिजवून त्यात दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी आणि चिंचेचा कोळ. अक्कांनी पहिल्या दिवशी गोंगुरा पप्पू पाठवली, म्हणजे अंबाडीच्या पाल्यातली तूरडाळ. हीच भाजी आजींच्या कानडी घरात पुंडी आणि आमच्याकडे अंबाडी. एका पातेल्यापुढे उभे राहून तिघी जणी तीन नावे घेत होतो.

मला फक्त या सगळ्यामागचे कारण सांगायचे होते. आपली ज्वारी उत्तम आहे, मंगळवेढ्याच्या मालदांडीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे, आणि १०० ग्रॅम ज्वारीत जवळपास १० ग्रॅम प्रथिने असतात. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळी-कडधान्यांत भरपूर असतो, आणि डाळीत जे उणे असते ते धान्यातून मिळते. म्हणजे भाकरी आणि आमटी ही जोडी चवीपुरती जुळलेली नाही. दुसरी गोष्ट लोहाची. धान्य-भाजीतले लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. जेवणात लिंबू, पेरू, आवळा असे काही असेल तर ते अधिक शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला तर कमी. मटकी भिजवून मोड आणले की शोषणाच्या आड येणारे घटकही कमी होतात. सोलापुरात जेवण झाल्यावर चहा नाही, हे सांगणे मांस सोडा म्हणण्यापेक्षा अवघड गेले. तासाभराने घ्या, इतक्यावर तडजोड झाली.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले, कारण १ तारखेला नवमी होती आणि २ तारखेला दसरा. नवरात्रात पूर्व भागातल्या बहुतेक घरांत मांस शिजतच नाही. कसोटी ३ तारखेला होती. नऊ दिवस थांबलेली घरे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हमखास मटण आणतात. अकरांपैकी तीन घरांत त्या दिवशी मटण झाले, आणि तिघींनीही ते वहीत लिहिले. संध्याकाळी त्या वह्या वाचताना मला राग आला नाही, उलट बरे वाटले, कारण खोटे लिहिण्याची भीती त्यांना माझ्यामुळे वाटली नव्हती. त्यांतील एक घर अक्कांचे होते. त्या म्हणाल्या, “पोरगं नऊ दिवस अनवाणी होतं बाई, त्याला नाही म्हणवेना.” मी म्हणाले, “नका म्हणू अक्का, रविवारी मात्र दोघेही या.”

रविवारचा बेत बाजार आमटीचा होता. ही करमाळा-माढा भागाची आमटी. आठवड्याच्या बाजाराला आलेले लोक चार-पाच प्रकारच्या डाळी एकत्र करून मोठ्या पातेल्यात शिजवत, म्हणून तिला बाजार आमटी म्हणतात. चाळीस माणसांसाठी आम्ही तूर, हरभरा, मूग, मसूर आणि उडीद अशा पाच डाळी मिळून सव्वादोन किलो घेतल्या. डाळी सकाळी भिजत घातल्या, गल्लीतच तीन विटांवर पातेले चढवले आणि त्या बोटाने चिरडतील इतक्या शिजवून घेतल्या. वाटण आजींनी केले. सुके खोबरे थेट निखाऱ्यावर काळे होईपर्यंत भाजले, कांदे सालीसकट भाजले, लसणाच्या चार गड्ड्या, आल्याचा तुकडा, मूठभर तीळ, आणि हे सारे पाट्यावर वाटून वर काळा मसाला. तेलात वाटण पडल्यावर अर्धी गल्ली खोकायला लागली. त्यात शिजलेल्या डाळी घोटून घातल्या, वरून गरम पाणी ओतले, आणि मंद आचेवर तासभर ठेवल्यावर कडेने लाल तर्री सुटू लागली. ही आमटी वरणासारखी घट्ट करायची नसते. ती रश्शासारखी वाहती हवी, म्हणजे ताटलीत भाकरी कुस्करून तिच्यावर ओतली की भाकरीने ती पूर्ण प्यायली पाहिजे.

अक्कांचा मुलगा यंत्रमागावर काम करतो. तो ताटलीत दोन भाकऱ्या कुस्करून बसला, पहिला घास घेतला आणि काही न बोलता आणखी आमटी मागितली. तिसऱ्या वेळी मागताना म्हणाला, “मटणाचा रस्साच आहे की, फक्त बोटी नाहीत.” अक्का पातेल्याजवळ उभ्या होत्या. त्यांनी पळीने तळापासून ढवळून वरची तर्री मुलाच्या ताटलीत सोडली, आणि आपल्यासाठी वाढून घेताना लिंबाची फोड शोधली. कोणी न सांगता शोधली, हे मी पाहिले. त्या दिवशी माणशी ५५ ग्रॅमच्या वर डाळ एकाच जेवणात पोटात गेली होती. घरी दोन दिवसांत माझ्या वाट्याला जेवढी यायची, त्याहून ती जास्त होती.

सोमवारी कोजागिरी होती. गल्लीतली तरुण मुले नेहमीप्रमाणे तुळजापूरला चालत निघाली, ४५ किलोमीटरची वाट. त्या वर्षी त्यांच्या पिशव्यांत वेफर्सऐवजी कडक भाकरी, शेंगा चटणी आणि गूळ-फुटाणे होते. रात्री आटीव दूध झाले. मंगळवारी फारसे काही ठरवलेले नव्हते.

आठव्या दिवशी रक्त तपासून काही फरक दिसेल, अशी आशा मी धरली नव्हती, आणि डॉक्टरांनीही स्पष्ट सांगितले होते की इतके खाली गेलेले हिमोग्लोबिन नुसत्या आमटीने वर येत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील, आणि ब-१२ तर वनस्पतिजन्य अन्नात नसतेच. दूध-दह्यातून ते थोडे मिळते. जे दूधही घेत नाहीत, त्यांना ते गोळीतूनच घ्यावे लागते. शाकाहाराची बाजू मांडणाऱ्यांनी ही गोष्ट दडवू नये, असे मला कळकळीने वाटते. आपल्या ताटावर आपले प्रेम असेल, तर त्यात काय नाही हेही आपल्याला ठाऊक असले पाहिजे, नाहीतर ते प्रेम आपल्याच घरातल्या बायकांच्या जिवावर उठते. मी तीन महिने गोळ्या घेतल्या. जानेवारीत, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास पुन्हा तपासले, तेव्हा हिमोग्लोबिन ११.४ होते. गोळ्या अजून चालू आहेत.

सप्ताहानंतर अकरांपैकी चार घरांत आठवड्याला एक-दोन शाकाहारी दिवस वाढले. अक्कांच्या घरी रविवारचे मटण आहेच. बुधवारी मात्र त्या बाजार आमटी करतात आणि एक डबा आमच्याकडे येतो. आमच्या घरात डाळीचे माप बदलले. आता अडीच वाट्या डाळ-कडधान्य रोज निघते, अर्धे सकाळी आणि अर्धे रात्री. डब्यातला बटाटा आठवड्यातून एकदाच असतो. नवरात्राच्या उपवासात साबुदाणा कमी करून राजगिरा, दाणे आणि दही वाढवायचे असे मी ठरवले आहे. थोरल्या जाऊबाईंना ते अजून मान्य नाही.

यंदा १ ऑक्टोबर पितृपक्षात येतो आहे. त्या दिवसांत घरोघरी श्राद्धाचा स्वयंपाक असेल, त्यामुळे रविवारची सामुदायिक आमटी आधी करायची की नंतर, यावर आजी आणि चाची यांच्यात बोलणी चालू आहेत. वह्या मात्र १५ सप्टेंबरपासूनच सुरू करायच्या, आणि यंदा नुसते पदार्थांचे नाव न लिहिता समोर ग्रॅम लिहायचे, असे अक्कांनी सुचवले आहे. तो छोटा काटा त्यांनी परवाच आमच्याकडून नेला.